घाईत चिकटवलेली नखं

ॲक्रिलिक नखं लावून घेतल्यावर पहिल्या आठवड्यात सहसा कुणाची तक्रार नसते. हात देखणे दिसतात, लग्नाचे फोटो निघतात, चार मैत्रिणी ‘कुठे केलीस गं?’ म्हणून विचारतात. कुरबुर सुरू होते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. एखाद्या नखाची मुळाकडची कड उचलली जाते, तिच्यात केस अडकायला लागतात. भांडी घासताना आत पाणी शिरतं. कशावर आपटलं तर बोटभर कळ जाते. शेवटी वैतागून ते नख दाताने, नेलकटरने किंवा हेअरपिन घालून उचकटलं जातं. खालून निघतं ते स्वतःचं नख, कागदासारखं पातळ, पांढरट, खरबरीत. त्याला नुसतं कोमट पाणी लागलं तरी झोंबतं.

यावरून निघणारा निष्कर्ष ठरलेला असतो: ही नखंच वाईट, पुन्हा नाव काढायचं नाही. पण त्वचारोगतज्ज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या जाणत्या कारागीर जे सांगत आल्या आहेत ते एकत्र ठेवून पाहिलं, तर वेगळं चित्र दिसतं. ॲक्रिलिक पूर्णपणे निर्धोक नाही. त्याची ॲलर्जी होते, आणि ती गंभीर गोष्ट आहे. तरीही नखांची बहुतेक नासधूस दोन वेळा होते: लावण्याआधी नख तयार करताना आणि शेवटी काढताना. ही दोन्ही कामं वेळखाऊ आहेत, गिऱ्हाइकाच्या नजरेत भरत नाहीत, आणि दर पाडायचा झाला की पहिली काट त्यांनाच लागते. स्वस्त पार्लरमध्ये साहित्यात होते त्यापेक्षा मोठी बचत वेळात होते, आणि त्या वाचवलेल्या वेळाचा हिशेब गिऱ्हाईक आणि काम करणारी मुलगी, दोघींच्या अंगावर निघतो.

आपल्याला दिसतो तो नखाचा भाग म्हणजे केराटिनने भरलेल्या मृत पेशींचे घट्ट थर, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. नख तयार होतं मुळाशी, कातडीच्या घडीखाली, आणि हाताचं नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर या गतीने पुढे सरकतं. हाताचं अख्खं नख नवं यायला जवळजवळ सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं यायला वर्ष-दीड वर्ष. त्यामुळे घासून पातळ केलेलं नख कुठल्याही तेलाने किंवा क्रीमने पुन्हा जाड होत नाही. तो भाग पुढे सरकून कापला जाईपर्यंत थांबणं एवढंच हाती असतं. ‘नखांना जरा श्वास घेऊ द्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण नखाच्या मुळाला प्राणवायू रक्तातून मिळतो, वरून नाही. मध्ये सुट्टी घेण्याचा फायदा असलाच तर तो एवढाच, की त्या काळात नखावर कुणी कानस चालवत नाही.

आता लावण्याची रीत. एका लहान वाटीत लिक्विड असतं, दुसरीत पावडर. ब्रश लिक्विडमध्ये बुडवून पावडरला टेकवला की टोकावर ओला मणी तयार होतो. तो नखावर किंवा चिकटवलेल्या प्लास्टिकच्या टिपवर ठेवून थापत पसरवतात. चांगल्या लिक्विडमधला मुख्य घटक इथाइल मेथॅक्रिलेट. पावडरमध्ये आधीच तयार झालेला प्लास्टिकचा चुरा आणि थोडं बेंझॉइल पेरॉक्साइड असतं. दोन्ही एकत्र आले की साखळी जुळायला लागते आणि मणी कडक होतो. हात लावून कडक वाटायला काही मिनिटं पुरतात, आतली क्रिया मात्र पुढे बरेच तास चालू राहते.

या सगळ्यात कौशल्य कुठे लागतं? सर्वांत आधी तयारीत. नखावर पसरलेला क्युटिकलचा पातळ, मेलेला पापुद्रा हळुवार काढावा लागतो, दोन्ही बाजूंच्या खाचा साफ कराव्या लागतात आणि मऊ बफरने नखाची फक्त चकाकी घालवावी लागते. नख स्वच्छ आणि कोरडं असेल तर ॲक्रिलिक त्याला नीट धरतं. घाईच्या पार्लरमध्ये या पंधरा-वीस मिनिटांच्या कामाऐवजी ड्रिल फिरतं. खरखरीत पृष्ठभागावर माल घट्ट बसतो असा समज आहे, पण पातळ झालेलं नख वाकतं, वरचं कडक ॲक्रिलिक वाकत नाही, आणि दोघांमधली पकड सुटते. ड्रिल मुळाजवळ तिरपं टेकवलं तर नखावर अर्धचंद्राकृती लाल खाच पडते. नख वाढेल तशी ती पुढे सरकत जाते, आणि पुष्कळदा नख तिथेच तुटतं. तयारी चालू असताना नख गरम झालं किंवा चटका बसला तर हात मागे घ्यावा. ‘थोडं सहन करा, ताई’ हे ऐकून बसून राहण्यासारखी ती वेदना नव्हे.

दुसरं कौशल्य मण्याचं. लिक्विड जास्त झालं तर मणी वाहतो, कातडीवर उतरतो, आणि न जुळलेलं रसायन त्वचेला लागतं. कमी झालं तर थर ठिसूळ होतो आणि कडेने उचलला जातो. तिसरं कौशल्य घडणीचं. लांब नखावर सगळ्यात जास्त ताण आपलं नख जिथे बोट सोडतं त्याच्या आसपास येतो, म्हणून तिथे थर थोडा उंच आणि मुळाकडे व बाजूंना पातळ उतरता असायला हवा. घाईत केलेलं नख बाजूने पाहिलं की एक तर पट्टीसारखं सपाट दिसतं किंवा मुळापासून टोकापर्यंत सारखंच जाड. पूर्ण संच नीट करायला दीड-दोन तास सहज जातात. पाऊण तासात दहाही नखं डिझाइनसकट तयार होत असतील, तर यातलं काहीतरी गाळलेलं असणारच.

साहित्यातली बचत हा प्रश्नाचा छोटा पण धोकादायक भाग, आणि तिचं नाव मिथाइल मेथॅक्रिलेट. रसायन नवीन नाही. दातांच्या कवळ्या आणि गुडघा किंवा खुबा बदलताना वापरलं जाणारं हाडांचं सिमेंट याच कुळातलं. ॲक्रिलिक नखंही दवाखान्यातूनच आली: 1950 च्या दशकात फिलाडेल्फियाच्या फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याने स्वतःचं तुटलेलं नख दाताच्या ॲक्रिलिकने जोडलं, आणि तिथून हा प्रकार सुरू झाला असं सांगितलं जातं. आज जगभर नेलपॉलिश विकणारी ओपीआय ही कंपनीसुद्धा मुळात दंतवैद्यांना साहित्य पुरवणारी होती.

अडचण अशी, की तोंडात किंवा हाडात तज्ज्ञाच्या हाताखाली चालणारा हा पदार्थ नखावर चालत नाही. त्याचा थर फार कडक होतो. हात दारात अडकला तर कृत्रिम नख तुटत नाही, खालचं खरं नख उखडतं. नखाला तो सहज धरत नाही, म्हणून नख आणखी खरवडावं लागतं. आणि कडक झाल्यावर ॲसिटोनमध्ये जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून काढताना पुन्हा ड्रिल किंवा ओढाताण. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नखं वेडीवाकडी होण्याच्या आणि त्वचा भाजल्यासारखी होण्याच्या तक्रारी आल्या. प्रशासन न्यायालयात गेलं आणि शंभर टक्के मिथाइल मेथॅक्रिलेट असलेलं लिक्विड बाजारातून काढायला लावलं. पुढे अनेक राज्यांनी सलूनमधल्या वापरावर बंदी घातली. तरीही स्वस्त म्हणून ते बिननावाच्या बाटल्यांतून येत राहिलं. ओळखायचं कसं? चांगल्या लिक्विडलाही उग्र वास असतो, म्हणून फक्त वासावर जाऊ नये. वास नेहमीपेक्षा वेगळा आणि डोक्यात जाणारा, कानस लागता लागत नाही, ॲसिटोनमध्ये अर्धा तास बुडवूनही नख मऊ पडत नाही आणि बाटलीवर लेबल नाही, या खुणा एकत्र दिसल्या तर संशय घ्यायला जागा आहे.

स्वस्त नखांचा धंदा उभा कसा राहिला, हेही पाहायला हवं. 1975 मध्ये व्हिएतनाम युद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोजवळच्या होप व्हिलेज नावाच्या छावणीत निर्वासित स्त्रिया आल्या होत्या. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’ या चित्रपटाची नायिका टिपी हेड्रन तिथे मदतीला जात असे. तिच्या नखांचं त्या स्त्रियांना वाटणारं कौतुक पाहून तिने आपल्या मॅनिक्युअर करणाऱ्या बाईंना बोलावून घेतलं आणि वीस जणींना हे काम शिकवलं. त्यांच्यापासून पसरत गेलेल्या व्हिएतनामी नेल सलूनांनी श्रीमंतांची चैन सामान्य नोकरदार स्त्रीच्या आवाक्यात आणली. मी याला चांगलीच गोष्ट मानते. इंग्रजी फारसं न येणाऱ्या बाईला या धंद्याने पाय रोवायला जागा दिली. पण एकाच रस्त्यावर चार दुकानं झाली की स्पर्धा दराची होते. 2015 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने शहरातल्या सलूनांवर मोठी लेखमाला छापली. त्या वेळी मॅनहॅटनमध्ये मॅनिक्युअरचा सरासरी दर साडेदहा डॉलरच्या आसपास होता, देशाच्या सरासरीच्या जवळपास निम्मा. नवीन मुलींकडून काम देण्यासाठी उलट पैसे घेतले जातात, मग कित्येक दिवस फक्त गिऱ्हाइकांच्या बक्षिशीवर राबवलं जातं, असं त्या लेखमालेत होतं. त्यातल्या काही मांडणीवर नंतर आक्षेप घेतले गेले, तेही नोंदवायला हवं. पण राज्यपाल अँड्र्यू कुओमो यांनी काही दिवसांतच तातडीचे उपाय जाहीर केले, आणि हातमोजे, मास्क, हवा खेळती ठेवणं, कामगारांच्या पगाराची हमी हे विषय कायद्यात आले.

तिथे निदान परवाना नावाची गोष्ट आहे. नखांचं काम करायला कॅलिफोर्नियात 400 तासांचं, न्यूयॉर्कमध्ये 250 तासांचं, टेक्सासमध्ये 600 तासांचं शिक्षण लागतं. आपल्याकडे कौशल्य विकासाच्या चौकटीत नेल टेक्निशियनचे अभ्यासक्रम आहेत, चांगल्या खासगी अकादमीही आहेत, पण ते केल्याशिवाय काम करता येत नाही असं नाही. काही दिवसांचा क्लास, ऑनलाइन मागवलेला किट आणि गल्लीत भाड्याचा गाळा एवढ्यावर दुकान उभं राहतं. पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात लग्नसराईत याला तुफान मागणी असते, आणि दर काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत कुठेही असू शकतो. पाटीवर फक्त ‘नेल एक्स्टेन्शन’ लिहिलेलं असतं. ते ॲक्रिलिक आहे, जेल आहे की टिपवर दिलेला रंगाचा हात, हे पुष्कळ गिऱ्हाइकांना कळत नाही, आणि विचारण्याचा संकोच वाटतो.

त्यात आपले हात वेगळ्या कामाचे. कणीक मळायची, भांडी घासायची, कपडे पिळायचे, हाताने जेवायचं. कड थोडी जरी सुटली असली तरी पीठ, साबणाचं पाणी आणि तेलकटपणा आत शिरतो, आणि हळदीने फिकट नखं पिवळी पडतात. सलूनचं नख परदेशात ज्या हातावर महिनाभर टिकतं, ते स्वयंपाकघरातल्या हातावर तेवढं टिकणार नाही, हे पार्लरवालीने आधीच सांगायला हवं. लांबी कमी ठेवा आणि भांड्यांना हातमोजे घाला, असं आपणहून सुचवणारी कारागीर दिसली तर तिला सोडू नये.

आता बिघडलेल्या नखांचं काय करायचं ते सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे टाळता येतं.

नख नुसतं उचललं असेल, दुखत नसेल, तर चांगल्या कारागिराकडे सुटलेला भाग घासून पुन्हा भरून घेता येतो. दर दोन-तीन आठवड्यांनी करायच्या रिफिलमध्ये हेही होतं. फटीत घरचा गोंद किंवा फेव्हिक्विक सोडू नये. ओल आणि जंतू आत बंद होतात. उचललेल्या नखाखाली हिरवट डाग दिसला तर ती बहुधा बुरशी नसते. स्यूडोमोनास नावाचे जिवाणू ओलसर फटीत वाढतात आणि त्यांच्या रंगद्रव्याने नख हिरवं पडतं. अशा वेळी वरचं ॲक्रिलिक काढावं, नख कोरडं ठेवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. नखावर डाग काही काळ राहतो, पण त्यावर नवा थर देऊन झाकणाऱ्या पार्लरमध्ये पुन्हा जाऊ नये. मधुमेह असणाऱ्यांनी तर असा डाग किंवा साधं नखुरडंही अंगावर काढू नये.

नख काढायचं कसं? आधी जास्तीची लांबी कापावी आणि वरचा चकचकीत थर कानशीने घासून बराचसा कमी करावा, आपलं नख दिसायला लागण्याच्या आधी थांबावं. भोवतालच्या कातडीला व्हॅसलीन लावावं. शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून बोटाला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळावी. वीस मिनिटांनी एक बोट उघडून बघावं. मऊ झालेला लगदा लाकडी काडीने नुसता ढकलला तर सुटतो. जिथे सुटत नाही तिथे पुन्हा कापूस, पुन्हा फॉइल. जाड थराला चाळीस मिनिटं किंवा त्याहून जास्त लागू शकतात. जोर लावावा लागतोय याचा अर्थ अजून वेळ झालेली नाही. आपल्या नखाचा वरचा थर सोलला जातो तो या क्षणी, घाई केल्यामुळे. ॲसिटोन चटकन पेटतं, त्यामुळे हे काम गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या निरांजनापासून दूर, खिडकी उघडून करावं. रंग घालवायला आणलेलं ‘ॲसिटोन-फ्री’ रिमूव्हर इथे उपयोगाचं नाही.

ॲसिटोनला दाद न देणारं नख असेल तर ओढू नये. आखूड करून, थर शक्य तितका पातळ घासून ते वाढू द्यावं आणि पुढे येईल तसं कापत जावं. काही महिने हात ओबडधोबड दिसतील. त्याला पर्याय म्हणून सुचवलं जाणारं झटपट ड्रिलिंग मला मान्य नाही, कारण कडक थर कुठे संपला आणि मऊ नख कुठे सुरू झालं हे कळायला लागणारा हात सगळ्यांकडे नसतो. मोकळं झालेलं नख आखूड ठेवावं, कडेला साधं तेल चोळावं, धुण्याभांड्यांना हातमोजे घालावेत. नख खालच्या कातडीपासून सुटून पांढरं दिसत असेल तर खाली टोकदार वस्तू घालून साफ करू नये. सुटलेला भाग कापून कोरडा ठेवावा, म्हणजे नवं नख पुन्हा चिकटत पुढे येतं.

ॲलर्जीचा विषय वेगळा, कारण तिथे थांबून भागत नाही. बोटांच्या टोकांना खाज, भेगा, नखाभोवती पाण्याचे फोड, किंवा पापण्यांना सूज (हात नकळत डोळ्यांकडे जातो) असं दिसलं तर मेथॅक्रिलेटची ॲलर्जी असू शकते. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टने ती ठरवतात. एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते, आणि याच कुळातली रसायनं दाताच्या फिलिंगमध्ये आणि हाडांच्या सिमेंटमध्ये असल्यामुळे पुढच्या उपचारांतही अडचण आणू शकते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये हा इशारा जाहीरपणे दिला; तिथल्या तपासण्यांत 2.4 टक्के रुग्णांना या कुळातल्या निदान एका रसायनाची ॲलर्जी आढळली होती. घरी किट आणून काम करणाऱ्यांना धोका अधिक. युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून डायमिथाइल टोल्युइडिन हे ॲक्रिलिक लवकर घट्ट करणारं रसायन आणि जेल नखांत वापरलं जाणारं टीपीओ हे रसायन, दोन्हींवर बंदी घातली. तिकडे न खपणारा माल स्वस्तात इकडे येण्याची भीती मला रास्त वाटते.

दिवसभर वाटीवर वाकून बसणाऱ्या मुलीचा विचार गिऱ्हाइकाच्या तक्रारीत येतच नाही. एसी लावून दार बंद केलेल्या गाळ्यात वाफ आणि पावडरची धूळ तिच्या नाकात जाते, आणि पातळ हातमोज्यांतून ही रसायनं काही मिनिटांत आरपार जातात. टेबलावर हवा ओढून घेणारी सोय, झाकणाची वाटी आणि धुळीसाठी योग्य मास्क या मागण्या तिने मालकाकडे केल्या तर नखरे ठरतात. गिऱ्हाइकाने केल्या तर ऐकल्या जातात, म्हणून त्या आपण कराव्यात.

कायद्याचा आधार आहे, तो वापरला जात नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या 2020 च्या नियमांनुसार बाटलीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, घटक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत हवी; आयात मालावर नोंदणी क्रमांकही. बाटली दाखवा असं म्हणण्यात उद्धटपणा काही नाही, आणि लेबल नसलेल्या मालाची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. चुकीच्या कामाने बोट बिघडलं तर ती सेवेतली त्रुटी आहे. बिल, फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. यूपीआयने पैसे देऊन बिल न घेणाऱ्यांना पुढे फार अडचण होते.

पार्लरच्या दरपत्रकात एक ओळ सक्तीची व्हावी असं मला वाटतं: नखं काढण्याचा दर आणि त्याला लागणारा वेळ. आज बहुतेक ठिकाणी लावण्याचा भाव मोठ्या अक्षरांत असतो आणि काढणं ‘करून देऊ’ म्हणून सोडून दिलेलं असतं. फुकट काम कुणीही घाईतच करणार. ती ओळ नसेल तिथे नखं लावून घ्यायच्या आधी विचारावं, ‘ही काढता कशी?’ भिजवून, पाऊण तास लागेल, त्याचे वेगळे पैसे पडतील, असं उत्तर आलं तर बसावं. ड्रिलने पाच मिनिटांत निघतात असं उत्तर आलं तर दुसरं पार्लर शोधावं.